राज्यकर्त्यांसाठीची प्रार्थना

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेत एक प्रार्थना राज्यकर्त्यांसाठी असते. दानाचं गीत संपलं की उपदेशाच्या आधी ती होते. देश चालवणारे, राज्याचे कारभारी, न्यायाधीश, जिल्ह्याचे अधिकारी आणि सगळ्यांत शेवटी गावोगावचे सरपंच, अशी ती वरून खाली येते. रोह्यात आम्ही जमतो ती खोली पूर्वी भाताच्या गिरणीची होती. पावसाळ्यात भिंतींना अजून कोंड्याचा वास येतो. मंडळी थोडी, त्यातले बरेच जण कंपन्यांत नोकरीला आलेले, बदली झाली की निघून जाणारे. या सगळ्यांच्या वतीने ही प्रार्थना माझी आई करते. तिला कोणी तसं नेमलेलं नाही. पाळकसाहेब एकदा आजारी होते तेव्हा तिने केली, आणि मग ती तिचीच झाली.

आई मूळची नगरकडची. बाबा आरोग्य खात्यात नोकरीला होते, त्यांची नेमणूक रोह्याच्या खाली, खाडीकाठच्या एका गावात झाली, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर, ते गेल्यावरही आम्ही तिथेच राहिलो. त्या गावात आमचं एकच ख्रिस्ती घर. आईने गावाचं सगळं उचललं, फक्त बोली उचलली नाही. प्रार्थनेत तर तिची भाषा तिच्या वडिलांच्या काळातली होते. त्यात एक वाक्य दर रविवारी असतं: "हे प्रभो, ज्यांच्या हाती तू अधिकार दिलास त्यांना शुद्धीवर ठेव."

लहानपणी मी तिला या वाक्याबद्दल विचारलं होतं. तेव्हा तिने मला पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एका राजाची आई सांगितली, जी आपल्या मुलाला शिकवते की राजाने दारूच्या वाटेला जाऊ नये. कारण तो प्याला तर नियम विसरेल, आणि ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही अशा माणसाचा न्याय उलटा होईल. मला ही शिकवण तेव्हाच आवडली होती. आमच्या रविवारच्या शाळेत दारूविषयी बरंच काही सांगत, त्यात बहुतेक नरकच असे. इथे नरक नव्हता. आपण प्यालो तर दुसऱ्या कोणाचं तरी वाईट होतं, एवढंच होतं, आणि ते एका बाईने आपल्या मुलाला सांगितलेलं होतं.

माझा धाकटा भाऊ सरपंच होईल असं आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो रोह्याच्या एका कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करायचा. गावात दोन भावक्या, आणि दोन्ही एकमेकांच्या तोंडाकडे न पाहणाऱ्या. एका वर्षी भांडण इतकं विकोपाला गेलं की निवडणूकच नको, तिसराच माणूस बसवू, असं जाणत्यांनी ठरवलं. तिसरा माणूस गावात आमच्याच घरी होता. शेजारचे काका, ज्यांची भातखाचरं खाडीच्या बांधाला लागून होती, ते निरोप घेऊन आले आणि ओटीवर बसून हसत म्हणाले, "तुला ना भाऊ ना भावकी. तुझा देव पन गावच्या जत्रंत नाय. तूच हो."

भावाने कंपनी सोडली नाही, पण शिफ्ट बदलून घेतली. त्या रविवारी आईने सरपंचांसाठी प्रार्थना केली तेव्हा तो तिच्या शेजारीच बसला होता. मान खाली, आणि कान लाल. मला हसू आलं होतं. आईचा आवाज मात्र हलला नाही. वर दिल्लीपासून निघालेली प्रार्थना खाली उतरत तिच्या मुलापाशी येऊन थांबली, आणि जे वाक्य ती सगळ्यांसाठी म्हणायची तेच त्याच्यासाठी म्हणाली.

तो दारूला कसा लागला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी पेणला एका हायस्कुलात शिकवते, ग्रंथालयही माझ्याकडेच असतं. पुस्तकांच्या सवयीने मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. त्याच्या बाबतीत सापडलं ते कारण फार साधं आहे. तो दोघांचा होता. एका भावकीच्या घरी साखरपुड्याला गेला आणि ग्लास नाकारला, तर तो दुसऱ्यांचा ठरायचा. तिथे घेतला की मग दुसरीकडेही घ्यावा लागायचा. दोन्ही घरी सारखाच बसला, तरच तो कोणाचाच नव्हता. गावाने त्याला ज्या गुणासाठी सरपंच केलं तो टिकवायला त्याला दोन्हीकडे प्यावं लागलं. पहिल्या वर्षी तो बडीशेप चघळत घरी यायचा. नंतर चघळेनासा झाला.

आमच्या गावाची जमीन खाडीच्या पातळीहून फारशी उंच नाही. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध आहे आणि त्यात उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला मिटणारं. बांध फुटला तर पुढच्या भरतीच्या आत तो बुजवावा लागतो. मधल्या ओहोटीत सगळा गाव चिखल, पेंढा आणि गोण्या घेऊन उतरला तरच ते जमतं. पूर्वी हाक कोणीही द्यायचा. भावक्यांत फाटल्यापासून एकीच्या हाकेला दुसरी येईना. म्हणून असं ठरलं होतं की सरपंचाने आधी बांधावर जाऊन उभं राहायचं. तो दिसला की दोन्ही भावक्यांच्या आळ्या उतरतील. ही गावाची रीत झाली होती, आणि ती माझ्या भावावर उभी होती.

ज्या दिवशी उघाडीशेजारचा बांध फुटला त्या दिवशी मला शाळेची सुट्टी होती, मी घरी होते. श्रावण चालू होता, अमावास्येचं उधाण. दुपारी काका चिखलाच्या पायांनी पडवीत आले आणि सरपंच हायेत का, असं त्यांनी विचारलं. भाऊ खाटेवर होता. सकाळी एका घरच्या बारशाला जाऊन आला होता, आणि तिथे गेला म्हणून मग दुसऱ्यांकडेही. आईने त्याला हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तो उठून बसला. त्याने काकांकडे पाहिलं, सगळं ऐकून घेतलं, चपला शोधल्या, एक पायात घातलीसुद्धा.

"चला तुम्ही, काका. आलो मी," तो म्हणाला. अगदी नीट म्हणाला.

काका गेले. त्यांनी बांधावर जाऊन सांगितलं की सरपंच येतायत. भाऊ एका पायात चप्पल घालून परत आडवा झाला, आणि मग आई आणि मी, आम्हा दोघींना तो उठवता आला नाही. आई स्वतः बांधावर जायला निघाली. मी तिच्याबरोबर गेले. दोन्ही भावक्यांची माणसं दोन बाजूंना फावडी घेऊन उभी होती आणि वाटेकडे पाहत होती. आईने सांगितलं की तो येऊ शकत नाही, तुम्ही सुरू करा. कोणी तिला उलटून बोललं नाही. पण कोणी आधी उतरलंही नाही. एकेकटे काही जण उतरले तोवर खाडी वळली होती, भरती चढू लागली होती. पाणी आलं ते पहिल्यांदा काकांच्या खाचरांत. हिरव्या रोपांवरून ते इतकं सावकाश पसरलं की पाहणाऱ्याला वाटावं, अजून वेळ आहे. खारं पाणी एकदा बसलं की त्या जमिनीत काही वर्षं दाणा धरत नाही. काकांचं आणि बांधालगतच्या आणखी काही घरांचं तसंच झालं.

त्यानंतरच्या रविवारी भाऊ आमच्याबरोबर रोह्याला आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटतं, तो काहीतरी ठरवून आला होता. काय, ते मला त्याने कधी सांगितलं नाही.

आमच्या लोकांत एक रीत आहे. माणसाला तोंडावर बोलायचं नाही, प्रभूपुढे ठेवायचं. नवरा मारतो, सून उलटून बोलते, मुलगा बिघडला, हे आम्ही एकमेकांना सांगत नाही. प्रार्थनेत सांगतो, डोळे मिटून, आणि ज्याच्याबद्दल आहे तो बहुधा तिथेच बसलेला असतो. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. उलट तोंडावर बोलणं हेच कठोर वाटतं. आईने त्या दिवशी जे केलं ते तिच्या हिशेबाने सगळ्यांत मऊ होतं.

ती उभी राहिली. प्रार्थना नेहमीच्या वाटेने खाली उतरली. मग ती म्हणाली, "हे प्रभो, आमच्या गावचा कारभारी तुझ्यापुढे आहे. तू त्या राजाच्या आईला शब्द दिलेस, मला दिले नाहीस. त्याच्या प्याल्यापायी गरिबाचं शेत बुडालं. तो तुझ्यापुढे शुद्धीवर येवो."

खोलीत आमेन झालं. पुढचं गीत सुरू झालं तेव्हा भाऊ उठून बाहेर गेला. मग मोटारसायकलचा आवाज. त्या दिवसापासून तो उपासनेला आला नाही.

एका घरात आई आणि भाऊ, ती दोघंच राहत होती. ती त्याला वाढायची, तो जेवायचा. भाजीत मीठ कमी आहे, वायरमन आला होता, एवढं बोलणं व्हायचं. दर रविवारी ती त्याच्यासाठी प्रार्थना करतच राहिली, आणि हे त्याला माहीत होतं. सोमवारी कधीतरी त्याचा मला पेणला फोन यायचा. "काल काय सांगितलंन आईनं वर?" मी सांगायचे की नेहमीचंच. तो म्हणायचा, "बरं," आणि मग बराच वेळ फोन ठेवायचा नाही.

मी त्याच्याशी एकदाच सरळ बोलले. नागोठण्याला एका लग्नाहून परतताना आम्ही रोह्याच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो होतो. तो त्या दिवशी प्यालेला नव्हता. मी त्याला म्हटलं की आईकडे जा, आई तुझी वाट बघते आहे. मी तिच्या बाजूने पुष्कळ बोलले, शास्त्रातलंही बोलले. त्याने ऐकून घेतलं.

"मी कुठला राजा गो ताय? ग्रामसेवक कागद ठेवतो, मी सही करतो," तो म्हणाला. मग रुळांकडे बघत बोलला, "त्या राजाच्या आईनं राजाला सांगितलंन ना? राजालाच. देवाला नाय. मी आईच्या बाजूला बसलेलो. तिचा पदर माझ्या हाताला लागत होता. मला सांगायला पायजे होतं. तिनं वर सांगितलंन."

घरी आल्यावर मी आईला हे सांगावं की नाही याचा विचार केला आणि सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली की आता मी त्याला काय सांगू, त्याला सगळं माहीत आहे. आणि ते खरंच होतं.

मुदत संपल्यावर तो सरपंच राहिला नाही. भावक्यांमध्ये आपसांत समेट झाला आणि त्यांना तिसऱ्या माणसाची गरज उरली नाही. त्याला कोणाकडे प्यायला बोलावत नव्हते, तरी पिणं थांबलं नाही. आता त्याला कारण लागत नव्हतं. काका अधूनमधून येऊन ओटीवर बसत. त्यांच्या खाचरांत अजून लव्हाळाच वाढत होता, पण ते त्याविषयी बोलत नसत. आईला उगीच सांगत, "पोर वाईट नाय हो. दोन घोड्यांवर बसवला आम्ही त्याला."

मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली, पोटात पाणी झालं. पेणच्या दवाखान्यात दाखवायला बरं पडावं म्हणून मी त्याला माझ्या खोलीवर आणलं. आईही आली. डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे एक थेंबही नाही, आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की तसं केलं तरी फार आशा धरू नका. माझी खोली गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत आहे. खिडकीतून समोरच्या पत्र्याखाली पांढऱ्या मूर्ती रांगेने दिसायच्या, रंग न दिलेल्या. तो उशीला टेकून त्यांच्याकडे बघत बसायचा. एकदा म्हणाला, "यांचे डोळे काढायचे बाकी हायेत अजून. बरंय. माझ्याकडं कोण बघत नाय." आईलासुद्धा हसू आलं. कित्येक वर्षांत ती दोघं एकाच गोष्टीला हसलेली मी पाहिली नव्हती.

शेवटच्या आठवड्यांत त्याला दुखायचं फार. एका सकाळी मी शाळेत जायची तयारी करत होते, आई पलीकडे ओट्याशी होती. त्याने मला जवळ बोलावलं. पण आवाज आईला ऐकू जाईल एवढा ठेवला.

"ताय, त्या राजाच्या आईचं पुढं पन काय हाय. तू वाचलंयस. राजाला देऊ नका म्हणते, आणि लगेच पुढं म्हणते की मरायला लागलाय त्याला द्या. ज्याच्या जिवाला कडू लागलंय त्याला द्या, त्याला विसरू दे." तो थांबला, श्वास घेतला. "आता मी सरपंच नाय ना?"

ते तसं आहे. मला माहीत होतं, आणि आईलाही. मी लहानपणापासून ते वचन वाचत आले, पण नेहमी पहिल्या अर्ध्यावर थांबून. दुसरा अर्धा भाग आम्ही कोणी उपदेशात ऐकला नव्हता. भाऊ मात्र इतकी वर्षं तोच धरून बसला होता. मी आईकडे पाहिलं. तिची पाठ आमच्याकडे होती.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता, भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा. आमच्याकडे त्यात द्राक्षारस म्हणून काळ्या मनुकांचं पाणी असतं. आदल्या दिवशी मनुका भिजवायच्या, उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या. हेही काम आईकडेच, म्हणून तिने मनुका पेणला बरोबर आणून ठेवल्या होत्या. तिने मला काही विचारलं नाही. त्याच सकाळी तिने थोड्या मनुका उकळल्या, त्यांचं पाणी गाळलं, गार केलं आणि औषधाच्या छोट्या ग्लासात घालून त्याच्यापाशी नेलं. मी दप्तर खांद्याला लावून दारातच उभी राहिले.

त्याने ग्लास नाकाशी नेला. वास घेतला. "हे ते नाय, आई," तो म्हणाला.

आई खाटेच्या कडेवर बसली. "मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "माझ्याकडे एवढंच आहे."

तो ते प्यायला. आवडलं म्हणून नाही, तहान भागली म्हणूनही नाही. तिने आणलं म्हणून. मग तिने त्याचं तोंड पदराने पुसलं. ती त्याला काही सांगेल असं मला वाटत राहिलं, त्यालाही वाटत असावं, कारण तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. तिचे ओठ हलले. ती डोळे मिटून बसली होती. ती प्रार्थना करत होती. त्याने हळूच मान खिडकीकडे वळवली.

त्या रविवारच्या आत तो गेला. रोह्याला त्याला माती दिली तेव्हा गावाकडून टेम्पो भरून माणसं आली होती, दोन्ही भावक्यांची, आणि या वेळी कोणी कोणासाठी थांबलं नाही. काकांनी टोपी काढून हातात धरली होती. आमची गीतं त्यांना येत नव्हती, ते नुसते उभे राहिले.

आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ज्याचं त्याचं जे काय ते जिवंतपणी झालेलं असतं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. पुढच्या रविवारी दानाचं गीत संपलं आणि पाळकसाहेब आईकडे बघून म्हणाले की आज मी करू का. तिने नको म्हटलं आणि उभी राहिली. वरून सुरुवात केली. देश, राज्य, न्यायाधीश, जिल्हा. मग आमच्या गावची नवी सरपंच, काकांची सून. तिच्यासाठी आईने नीट प्रार्थना केली. उघाडीच्या फळ्या वेळेवर बदलल्या जाव्यात, दोन्ही आळ्यांनी तिचं ऐकावं, तिला शुद्धीवर ठेव. इथे आमेन यायचं.

ते आलं नाही. आई उभीच राहिली. डोळे मिटलेले, हात समोरच्या बाकाच्या पाठीवर. तिला अजून एकाचं सांगायचं होतं आणि त्याच्यासाठी प्रार्थनेत जागा नव्हती. खोलीत कोणी हललं नाही. शेवटी मागून कोणीतरी हळू आवाजात आमेन म्हणालं, मग सगळे म्हणाले, आणि मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.